निळ्या कलशाचा अहवाल

घरात चिनीमातीची किमती वस्तू फुटली की माणसं आधी एकमेकांकडे बघतात आणि मग वस्तूकडे. हे मी इतक्या घरांत पाहिलंय, की आता तुकडे बघायच्या आधीच मला अंदाज येतो, आळ कुणावर आलाय. बहुधा तो माणूस खोलीत सगळ्यात लांब, दाराशी उभा असतो.

माझा धंदा फुटक्या वस्तू सांधण्याचा. सोलापुरात राहून फ्रेंच कलश दुरुस्त करतो असं सांगितलं, की पाहुणे आधी हसतात आणि मग चादरींचा भाव विचारतात. त्यांचं चुकत नाही. माझे वडील शहराच्या पूर्व भागात मागावर बसायचे. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, आणि दिवसभर कानात मागाचा खडखडाट. मला चित्रकला बरी यायची, म्हणून मुंबईला गेलो आणि तिथल्या एका संग्रहालयाच्या दुरुस्तीच्या खोलीत चिकटलो. काच, चिनीमाती आणि धातू जोडायला तिथं शिकलो. पन्नाशीच्या अलीकडे गावी परतलो आणि घराच्या माडीवर टेबल मांडलं. नोकरीची बाकीची कहाणी सांगण्यासारखी नाही. या अंकाच्या संपादकांनी सुंदर वस्तूंच्या सहवासाबद्दल काहीतरी गोड लिहून मागितलं होतं. गोड होईल याची खात्री देत नाही.

आधी हे कलश म्हणजे काय ते सांगतो. दीड-दोनशे वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये ते जोडीजोडीने बनत. पोट चिनीमातीचं, रंग बहुतेकदा दौतीतल्या शाईसारखा गडद निळा, मध्ये एका लंबगोलात रंगवलेल्या बायका नाहीतर मेंढपाळ. बूड, कान, कंठ आणि झाकणाची मूठ ब्राँझची आणि त्यावर सोन्याचा मुलामा. मुलामा द्यायची पद्धत भयंकर होती. सोनं पाऱ्यात विरघळवून लोण्यासारखा लगदा करायचा, तो ब्राँझवर फासायचा आणि विस्तवावर धरायचा. पारा वाफ होऊन उडून जायचा आणि सोनं मागे राहायचं. ती वाफ कारागिरांच्या छातीत जायची. त्यांचे हात कापायला लागायचे, दात पडायचे, आणि ते फार जगत नसत. दिवाणखान्यातल्या त्या सोनेरी पानांकडे बघून लोक "वाऽ" म्हणतात तेव्हा मला ते हात आठवतात.

आपल्याकडे हे कलश संस्थानिकांनी आणलेले. त्यांच्याकडून ते गिरणीमालकांकडे, बड्या वकिलांकडे आणि व्यापाऱ्यांकडे आले. बहुतेकांना ते फ्रेंच आहेत हेही ठाऊक नसतं. एक वकीलसाहेब माझ्याकडे असा एक कलश घेऊन आले होते. मोठ्या अभिमानाने म्हणाले, "बघा कसं लखलखतंय! आमच्या आईपासूनचा रिवाज आहे. दसऱ्याला चिंच-मीठ लावून घासतो."

मी भिंग लावून पाहिलं. सोन्याचा कणही शिल्लक नव्हता. नुसतं ब्राँझ चकाकत होतं.

"साहेब, सोनं गेलं," मी म्हणालो.

"गेलं म्हणजे? कुठं गेलं?"

"चिंचेच्या पाण्याबरोबर मोरीत."

वकीलसाहेबांनी कलश फिरवून पाहिला. मग हळूच विचारलं, "ड्रेनेज खोलून काही मिळेल का हो?"

दुसरे एक डॉक्टर. त्यांनी कलशाच्या पोटाला भोक पाडून आत बल्ब बसवला होता आणि त्याचा टेबल-लँप केला होता. ते भोक बुजवून द्या म्हणाले. दिलं बुजवून. आज तिथं बोट ठेवून दाखवा म्हटलं तर मलाही सापडणार नाही. या कामाचा मला गर्व आहे आणि तो मी लपवत नाही. लपवण्यासारखं दुसरं आहे, तेच सांगायला बसलोय.

एक गोष्ट आधी समजून घ्यायला हवी. असा कलश दिसतो एकसंध, पण असतो सुट्या भागांचा. चिनीमातीच्या पोटाच्या तळाला एक भोक असतं. त्यातून आटे पाडलेला लोखंडी गज खाली बुडापर्यंत जातो आणि खालून नट आवळलेला असतो. सगळा डोलारा त्या एका गजावर उभा. म्हणून असा कलश कानांना धरून कधी उचलायचा नाही. एक हात बुडाखाली घालायचा आणि दुसऱ्या हाताने पोट कवळायचं, तान्ह्या मुलाला घेतात तसं.

शहराच्या दक्षिणेला झाडी असलेली एक जुनी वसाहत आहे. तिथल्या एका बंगल्यातून सात-आठ वर्षांपूर्वी मला फोन आला. कापडाचे मोठे व्यापारी. त्यांचं नाव मी सांगणार नाही, सगळे त्यांना आप्पासाहेब म्हणत. त्यांच्या आजोबांनी एका संस्थानाच्या लिलावात निळ्या कलशांची जोडी घेतली होती. ती विकायची ठरली होती. दिल्लीचा एक व्यापारी महिन्याभरात बघायला येणार होता, आणि दिवाळीच्या साफसफाईत त्यातला एक फुटला.

मी गेलो तेव्हा तुकडे टॉवेलात बांधून ठेवले होते. आप्पासाहेब सोफ्यावर बसले होते. स्वयंपाकघराच्या दाराशी पन्नाशीची एक बाई उभी होती. डाव्या हाताला कोपरापासून मनगटापर्यंत फडकं बांधलेलं.

"बावीस वर्षं आहे आमच्याकडं," आप्पासाहेब तिच्याकडे न बघता म्हणाले. "कधी कप फोडला नाही. आणि फोडलं ते हे!"

"पडला का खाली?" मी विचारलं.

"हिला विचारा. म्हणते पाडलाच नाही. पुसायला उचलला आणि आपोआप सुटून आला म्हणते. आपोआप!"

आप्पासाहेबांनी मला अंबादासराव म्हणून हाक मारली तशी ती बाई एक पाऊल पुढे आली. नावावरून आणि बोलण्याच्या ढंगावरून तिने ओळखलं असणार, की हा आपल्या बोलीचा माणूस. थेट माझ्याकडे बघून तेलुगूत म्हणाली, "नेनु पलगोट्टलेदु, अन्ना."

मी नाही फोडलं, दादा.

"काय म्हणतीय ती?" आप्पासाहेबांनी विचारलं.

मी अजून तुकडेही पाहिले नव्हते. कशाला मध्ये पडायचं, असा विचार केला आणि म्हणालो, "काही नाही. नीट न्या म्हणतेय."

बावीस वर्षं त्या घरात राबलेल्या बाईला मराठी कळत असणार, हे मला सुचायला हवं होतं. खरं सांगायचं तर सुचलं होतं. तिने माझ्याकडे जे पाहिलं त्यात राग नव्हता. हिशेब चुकल्यावर माणूस पुन्हा एकदा कागदाकडे बघतो तसं काहीसं होतं. मग ती मागे सरकून पुन्हा दाराशी उभी राहिली. तिचं नाव राजम्मा, हे मला त्या दिवशी निघताना कळलं, कारण आप्पासाहेबांनी तिला माझ्यासाठी दार उघडायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टॉवेल सोडला. तुकडे तीनच होते. बुडाचा भाग, वरचं अख्खं पोट आणि तळहाताएवढी एक कपची. फरशीवर पडलेल्या कलशाचे तीन तुकडे होत नाहीत, शंभर होतात. नुसत्या मोजणीवरूनच माझ्या लक्षात आलं. ती खरंच बोलत होती. भांडं तिच्या हातात सुटून आलं होतं, आणि तिने पोट छातीशी घट्ट धरलं होतं म्हणूनच ते वाचलं होतं. ती कपची घसरताना हातावरून ओरखडत गेली होती.

मग तुकड्यांच्या कडा पाहिल्या. चिनीमातीची ताजी फूट ओल्या खोबऱ्यासारखी पांढरीशुभ्र असते. या कडा चहात बुडवलेल्या पावासारख्या तपकिरी होत्या. एका बाजूला लाखेचा जुना थर होता. म्हणजे भांडं कधीतरी पूर्वीच तडकलं होतं आणि कुणीतरी गुपचूप चिकटवून ठेवलं होतं. तडा कशाने गेला तेही समोरच होतं. आतला लोखंडी गज गंजला होता. लोखंड गंजलं की फुगतं. वर्षानुवर्षं तो गज आतून फुगत गेला होता आणि भोकाच्या कडेची चिनीमाती बाहेर रेटत होता. त्या दिवशी राजम्माने नुसतं फडकं फिरवलं असतं तरी ते सुटलं असतं. ती शिंकली असती तरी.

मी आप्पासाहेबांना फोन केला. ते लगेच आले. मी भिंग त्यांच्या हातात दिलं, कडा दाखवल्या, गज दाखवला. माणूस हुशार. एकदा सांगितलेलं कळलं.

"वडिलांच्या वेळचं असणार," ते सावकाश म्हणाले. "कुणाच्या तरी लग्नात यात पाणी घालून फुलं ठेवली होती. फोटो आहे घरी." मग त्यांनी गज उचलून उजेडात धरला. "अंबादासराव, दिल्लीवाल्याला हे कळलं तर?"

"तर तो दुसऱ्या कलशाबद्दलही शंका घेईल. त्यातही असाच गज असणार."

"म्हणजे जोडी गेली."

त्यांनी भिंग टेबलावर ठेवलं.

"तुम्हाला स्थिती-अहवाल लिहावा लागतो ना?"

इथे थांबून सांगायला हवं. आमच्या धंद्यात काम हाती घेण्याआधी वस्तूची अवस्था लिहून काढतात. कुठे काय फुटलंय, कशाने फुटलंय, पूर्वी कुणी हात लावलाय का. खाली सही. विकत घेणारा वस्तूपेक्षा त्या कागदावर जास्त विश्वास ठेवतो. माझ्या सहीला मुंबईत थोडा मान होता.

"तुम्ही एवढंच लिहा," आप्पासाहेब म्हणाले, "की हाताळताना फुटलं. खोटं कुठं आहे त्यात? हाताळतानाच फुटलं की."

"आणि ती बाई?"

"तिला मी कालच जा म्हणून सांगितलंय. आता ती परत येत नाही आणि मी बोलवत नाही. तिला काय फरक पडतोय, अहवालात काय लिहिलंय त्यानं?" मग उठता उठता म्हणाले, "नाहीतर मग मुंबईला देतो पाठवून. तिकडं करतील कुणीतरी."

लालूच म्हणतात ती हीच. पैशाची नव्हती, हे मी स्वतःला मोठं करायला सांगत नाही. पैशाची असती तर निदान कुणाला समजली तरी असती. माझ्या टेबलावर आयुष्यात पहिल्यांदा एवढा सुंदर कलश आला होता. त्यावरचा निळा रंग मी परदेशी पुस्तकांतल्या चित्रांत पाहिला होता. तो दुसऱ्या कुणाच्या टेबलावर जावा, ही कल्पना मला सोसली नाही.

मी अहवाल लिहिला. "हाताळताना झालेल्या आघाताने कलशाचा खालचा भाग भंगला."

"आघाताने" हा शब्द आप्पासाहेबांनी सांगितला नव्हता. तो माझा. नुसतं "हाताळताना" लिहून वाक्य लंगडं वाटत होतं. अहवालात कारण लिहायचं असतं, ही इतक्या वर्षांची सवय. वाक्य पुरं करण्यासाठी मी एक शब्द घातला, आणि एका बाईने भांडं आपटलं असं त्या कागदावर कायमचं लिहिलं गेलं.

कामाला अडीच महिने लागले. आप्पासाहेबांनी दिल्लीवाल्याला थांबवून धरलं. जुनी लाख वाफेने सोडवली, कडा धुतल्या, सांधा जुळवला. निळ्या रंगाची छटा साधायला दुसरा कलशही टेबलावर आणवून घेतला आणि सतरा नमुने करून बघितले. दोन्ही कलशांतले लोखंडी गज काढून न गंजणाऱ्या पोलादाचे बसवले. दुसऱ्या कलशाचं काम मला कुणी सांगितलं नव्हतं. तेही मी गुपचूप केलं, म्हणजे ज्याच्या घरी ते जातील त्याच्याकडे पुन्हा असं होऊ नये. वस्तूंशी मी चोख वागलो. जोडी विकली गेली. घेणाऱ्याने माझ्या सांध्याचं कौतुक केल्याचं आप्पासाहेबांनी फोनवर सांगितलं, आणि त्या दिवशी मी खूश होतो, हेही लिहून ठेवतो.

वर्षभराने त्याच वसाहतीतल्या एक बाई पितळी समई घेऊन आल्या. बसल्या, चहा घेतला, म्हणाल्या, "तुमचा तो अहवाल वाचला हं आम्ही!"

"कुठला?"

"त्या कलशाचा. आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर आप्पासाहेबांच्या घरच्यांनी टाकला होता ना फोटो. खाली 'सावधान' म्हणून त्या बाईचं नाव. बरं झालं बाई, मी तिला आमच्याकडे घेणार होते. वाचले!"

आता बोल, असं मला आतून वाटलं. मी म्हणालो, "समईचा दांडा सैल झालाय. चार दिवसांनी या."

त्यानंतर काही वर्षं गेली. डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि बारीक काम जमेनासं झालं. गेल्या वर्षी मी माडीवरचं टेबल आवरायला घेतलं. काढलेले जुने भाग मी फेकत नाही. चिठ्ठी लावून डब्यात ठेवतो. एका डब्यात तो गज निघाला. वीतभर लांब, मधे फुगलेला, बोट लावलं की पापुद्रे सुटणारा. चिठ्ठीवर माझ्याच अक्षरात कलशाचं वर्णन होतं आणि खाली लिहिलं होतं, "तड्याचे कारण." म्हणजे त्या दिवशी मी खरं कारण लिहिलं होतं. फक्त डब्यावरच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं.

बायकोला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "कुठं राहते ती?"

राजम्मा शहराबाहेर कुंभारीला राहत होती. विडी कामगारांच्या घरांच्या रांगा आहेत तिथे. चार ठिकाणी विचारून घर सापडलं. ती उंबऱ्याजवळ मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती. बंगल्यावर बावीस वर्षं काम केल्यावर पुन्हा विड्यांवर आली होती, आणि तंबाखूच्या धुळीने खोकत होती. मला तिने लगेच ओळखलं.

मी तेलुगूत म्हणालो, "अक्का, तुमच्याशी बोलायचं होतं."

ती मराठीत म्हणाली, "बोला की. बसा."

तिच्या सुनेने, रेणुकाने, पाणी आणून दिलं. मी मुद्द्यावर यायला वेळ लावला, म्हणून तिनेच सुरुवात केली.

"त्या भांड्याचं लई वाईट वाटतं बगा मला. आप्पासाहेबांचं लई नुस्कान केलं मी."

मला वाटलं, ऐकण्यात काही चुकलं. "तुम्ही तर तेव्हा म्हणत होता, फोडलं नाही म्हणून."

"पयल्यांदा वाटायचं तसं. शपता घ्याची मी, मी न्हाय फोडलं म्हणून. कामाला जाईल तितं सांगायची. मंग तुमचा कागद आला फिरत फिरत. हिनं वाचून दावला मोबाईलवर." तिने सुनेकडे मान हलवली. "आगाताने म्हंजी काय, मी इचारलं. ही म्हन्ली, आपटून. मंग मी लई इचार केला. एवडा शिकल्याला मानूस, त्यात आपला मानूस, त्यो का खोटं लिवंल? माज्याच ध्यानात न्हाय ऱ्हायलं आसंल. टेबलाच्या कडंला लागलं आसंल. आता तर मला दिसतंय बी, टेबलाला लागल्यालं."

मी त्या घरात कशासाठी आलो होतो, तेच क्षणभर विसरलो. बाईची नोकरी गेली, नाव गेलं, एवढं मला ठाऊक होतं. तिच्या डोक्यातली खरी आठवण पुसून मी तिथे खोटी बसवली आहे, हे ठाऊक नव्हतं. माझा कोणताही सांधा इतका बेमालूम जमला नव्हता.

पिशवीतून गज काढून तिच्यापुढे ठेवला. सगळं सांगितलं. गंज, फुगणं, तडा, लाख, कडांचा रंग. तिने गज हातात घेतला. पापुद्रा निघाला तो बोटांनी चुरला.

"ह्ये आतनं व्हतं?"

"हो."

"म्हंजी मी धरलं तवा फुटल्यालंच व्हतं?"

"हो. तुम्ही धरलंत म्हणून बाकीचं वाचलं."

 रेणुकाने हातातलं काम थांबवलं होतं. मग राजम्माने माझ्याकडे न बघता विचारलं, "तुमाला कवा कळलं?"

"दुसऱ्या दिवशी."

"कुटल्या वर्साच्या?"

"त्याच. तुकडे नेले, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी."

मी शिव्यांची वाट बघत होतो. तिने गज खाली ठेवला, सूप बाजूला सारलं, पदराने हात पुसले आणि म्हणाली, "कागद आनलाय का दुसरा?"

आणला नव्हता. क्षमा मागायला निघालो होतो, कागदाचं सुचलंच नव्हतं. रेणुकाने वहीचं पान फाडून दिलं. मी तिथेच बसून लिहिलं, की सदर कलशाच्या आतील गज गंजून फुगल्यामुळे त्यास पूर्वीच तडा गेला होता, तो राजम्मा यांच्या हातून फुटलेला नाही, आणि माझा आधीचा अहवाल चुकीचा होता. सही केली. रेणुकाने मोठ्याने वाचलं.

"चुकीचा म्हंजी?" राजम्माने विचारलं.

"चूक झाली म्हणजे."

"चुकून लिवलं व्हतं व्हय तुमी?"

"नाही."

"मंग खोटा लिवा की."

मी "चुकीचा" खोडलं आणि वर "खोटा" लिहिलं. तिने खाडाखोड चालणार नाही म्हणून सांगितलं. रेणुकाने दुसरं पान फाडलं. मी पुन्हा पहिल्यापासून लिहिलं. मग राजम्माने सुनेकडून तो कागद तीनदा वाचून घेतला. प्रत्येक वेळी ओठ हलवत सोबत म्हणत होती.

"सात बंगलं हायत," ती म्हणाली. "सातींनी मला दारातनं परत लावलं. उंद्या सकाळी या. झेराक्स काढून आना."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं त्या वसाहतीत गेलो. तिने ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. पहिल्यांदा आप्पासाहेबांकडे. ते फाटकापाशी आले, आम्हाला आत या म्हणाले नाहीत. कागद वाचला, घडी घालून परत दिला.

"अंबादासराव, आधीचा कागद तुमचाच, हाही तुमचाच. लोकांनी खरा कुठला धरायचा?"

"आप्पासाहेब, तुम्हाला माहिती आहे."

"मला लई गोष्टी माहिती आहेत," ते म्हणाले. मग राजम्माकडे वळून जरा मऊ आवाजात, "बरी आहेस ना गं?" आणि आत गेले. दार लावून घेतलं. 

त्या माणसाचा प्रश्न बरोबर होता. पस्तीस-चाळीस वर्षं जपलेल्या सहीची किंमत त्याने एका वाक्यात सांगितली होती.

दुसऱ्या बंगल्यात नवे लोक राहायला आले होते. मुलगी म्हणाली, "कोण राजम्मा? आम्ही मागच्या वर्षीच घेतलं हे घर." तिसऱ्या घरातल्या आजोबांनी सगळं शांतपणे ऐकलं. त्यांना ना कलश आठवत होता, ना अहवाल. म्हणाले, "ग्रुपवर रोज काय काय येतं हो, कोण लक्षात ठेवतंय!" चौथ्या घरी समईवाल्या बाईच होत्या. त्या मनापासून हळहळल्या. राजम्माचा हात धरून म्हणाल्या, "अगं, आधी कळलं असतं तर! आता आम्ही बाईच ठेवत नाही. भांड्यांचं मशीन घेतलंय." आणि ती झेरॉक्स त्यांनी फ्रिजवर ठेवून दिली.

उन्हात चालताना मी राजम्माला म्हणालो, "पुढच्या वेळी मीच बोलतो सगळं. तुम्ही दमला असाल."

"तुमी नगा बोलू," ती म्हणाली. "तुमी हितंच थांबा. मी जाते."

पाचवा बंगला नुकताच रंगवलेला होता. दाराला कॅमेऱ्याची बेल होती. बटण दाबलं की तिच्यात निळा दिवा लागे आणि आतला माणूस घरात बसूनच बोले. मी फाटकाबाहेर गुलमोहोराखाली उभा राहिलो. राजम्मा पायऱ्या चढली. पदर सारखा केला, कागद छातीपुढे दोन्ही हातांनी धरला आणि बटण दाबलं. दिवा लागला.

"कोण?" बेलमधून एका बाईचा आवाज आला.

राजम्माला वाचता येत नाही. तिने दिव्याकडे बघत, खणखणीत आवाजात, पाठ केलेलं म्हणायला सुरुवात केली. "सदर कलशाच्या आतला गज गंजून फुगल्यामुळं त्याला पयलंच तडा गेला व्हता. त्यो राजम्माच्या हातनं फुटला न्हाय. आदीचा अहवाल खोटा व्हता."

दिवा लागलेलाच होता.

"आज काही नको हं," ती बाई म्हणाली. "पुढच्या वेळी या."

दिवा विझला.  राजम्माने वाकून एक झेरॉक्स दाराच्या फटीतून आत सरकवली, मग ती पायऱ्या उतरली आणि माझ्यापुढून जाताना म्हणाली, "दोन ऱ्हायली."